बैठकीनंतरची बैठक

३ फेब्रुवारी

प्रिय विहीणबाई,

नमस्कार. लग्नात आपलं ठरलं होतं की दोघींनी पत्रानं बोलायचं. फोनवर बोलावं तर माझा लेक आणि तुमची लेक शेजारीच कान लावून असतात, आणि तुम्ही दिवसभर ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकाऊ माणसाशेजारी जीव मुठीत धरून बसलेल्या. वर्षभर मी हा करार पाळला नाही. आज पाळते, कारण बातमीच तशी आहे.

आमच्या अधीक्षकांनी मला ‘गुणवत्ता सुधार गट’ चालवायला दिला आहे. नाव मोठं असलं तरी काम साधं आहे. हाडांच्या वॉर्डात सकाळी डॉक्टर पेशंटला सांगतात, ‘आज घरी जा.’ पेशंट आनंदानं कपडे बदलतो, पलंगाच्या कडेला बसतो, आणि दिवे लागेपर्यंत तिथंच बसून राहतो. कधी कागद नाही, कधी बिल नाही, कधी औषधं नाहीत. तोवर खाली तातडीच्या विभागात नवे पेशंट स्ट्रेचरवर ताटकळतात, कारण वर पलंग रिकामा नाही. अधीक्षक म्हणाले, ‘मेट्रनबाई, तीस वर्षं बाळंतपणाचा वॉर्ड सांभाळलात, आता हेही बघा. पावसाळ्यापर्यंत जमलं नाही तर बाहेरून सल्लागार आणावे लागतील.’ माझ्या हयातीत कोणी टायवाला येऊन मला दवाखाना शिकवणार, हे होणे नाही.

गटात आम्ही पाचजण. हाडांचे डॉक्टर, बिलवाले काका, हाडांच्या वॉर्डची सिस्टर, मी, आणि औषधालयातून आपली सूनबाई. तिचं नाव मी घातलं नाही हो, अधीक्षकांनीच घातलं. घरातही सासू आणि कामावरही सासू, असं कोणी म्हणायला नको.

पहिली बैठक फार छान झाली. घरी जाणाऱ्या पेशंटच्या पलंगाला सकाळीच हिरवं कार्ड अडकवायचं, ही माझी योजना. लांबूनच दिसेल आणि सगळे आपापल्या कामाला लागतील. शेवटी मी विचारलं, ‘कोणाला काही म्हणायचंय?’ कोणालाच काही म्हणायचं नव्हतं. इतकं एकमत मी आयुष्यात पाहिलं नाही.

एकच गोष्ट, मनाला लावून घेऊ नका. सूनबाई फारच अबोल आहे. ‘हो आई’, ‘चालेल आई’ यापलीकडे शब्द नाही. तुमच्याकडे शिस्त कडक होती का?

तुमची,
विहीण


१२ फेब्रुवारी

विहीणबाई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, पाकीट चुकून माझ्याकडे आलं असावं. ही अबोल सून कोणाची म्हणे?

आम्ही तिला घरात चिमणी म्हणतो, ते आकारावरून नाही, आवाजावरून. शाळेच्या प्रगतीपुस्तकात दरवर्षी एकच शेरा असायचा, ‘वर्गात बोलते.’ मी तिला गाडी शिकवायला घेतली तेव्हा ‘आई, इथून वळायला नको होतं’, ‘आई, तू आरशात बघितलंच नाहीस’ असं चाललेलं. शिकवत होते मी आणि परीक्षा माझीच. तिचे बाबा मागच्या सीटवर कानात कापूस घालून बसायचे.

शिकायला येणाऱ्यांत मला दोन जाती दिसतात. एक प्रत्येक गोष्टीला फाटे फोडतो आणि डोकं उठवतो. दुसरा ‘समजलं, समजलं’ म्हणत मान डोलावतो. भिंतीवर गाडी घालतो तो दुसरा. तुमच्या बैठकीत पाचांपैकी चारजण मान डोलावत होते असं वाचलं, आणि मला आपली भिंत दिसायला लागली.

चिमणीचा फोन दर रविवारी असतो. खुशाल आहे. याहून जास्त मी काही सांगत नाही. मुलीची आई बोलली तर लुडबुड, नाही बोलली तर आतल्या गाठीची. त्यातल्या त्यात गाठ परवडली.

जावईबापूंना आशीर्वाद.

तुमची,
विहीण


२० मार्च

प्रिय विहीणबाई,

तुमचं ते भिंतीचं वाक्य जरा लागलं, म्हणून उत्तराला उशीर झाला.

कार्डं लावून महिना झाला. पेशंट पूर्वी दिवेलागणीला जायचे, आता त्याहून उशिरा जातात. वर एक नवीच तक्रार सुरू झाली आहे. घरी जाणारे म्हणतात, आम्हाला उपाशी ठेवलं. स्वयंपाकघरात विचारलं तर म्हणे, ‘ताट नको असं वॉर्डातूनच कळतं.’ वॉर्डात विचारलं तर सिस्टर म्हणाली, ‘बघते, मॅडम.’ ती गेली दहा वर्षं सगळ्याला ‘बघते’च म्हणते.

मी बैठकीत एकेकाला नावानिशी उठवलं. डॉक्टर म्हणाले, ‘छान चाललंय, मला ऑपरेशन आहे.’ काका छताकडे बघत राहिले. सूनबाई म्हणाली, ‘चालेल.’ आता बोला. मी कोणाला खाते का?

पण खरं दुखलं ते पुढेच. बैठक संपवून मी खोलीत गेले, तर चष्मा विसरलेला. परत निघाले तर औषधालयाच्या मागच्या खोलीतून हसण्याचा आवाज. दार ढकललं. आत माझाच गट. काका खोक्यावर बसून चहा पीत होते, ऑपरेशनला गेलेले डॉक्टर बिस्किट बुडवत होते, आणि मधोमध सूनबाई उभी राहून हातवारे करून काहीतरी सांगत होती. मी तिचे हात हलताना कधी पाहिलेच नव्हते. मला बघताच सगळे असे गप्प झाले की चहाची वाफसुद्धा थांबली असावी. डॉक्टर म्हणाले, ‘या ना.’ मी म्हटलं, ‘चष्मा शोधतेय.’ तो माझ्या डोक्यावरच होता.

त्या दिवसापासून घरी मीही गप्प आहे. कोणाच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

तुमची,
विहीण


२९ मार्च

विहीणबाई,

रागावू नका. लक्षात आलंय. जावईबापूंनी इथं फोन करून विचारलं, ‘आईची तब्येत बरी नाही का?’

तुम्ही कोणाला खात नाही. पण तुम्ही आधी योजना सांगता, मग ती का चांगली ते सांगता, आणि मग विचारता, ‘कोणाला काही म्हणायचंय?’ तेव्हा म्हणण्यासारखं एकच उरतं, ‘नाही.’ शिकवणीच्या गाडीत माझ्या बाजूलाही एक जास्तीचा ब्रेक असतो. पहिली काही वर्षं मी तो सारखा दाबायची. माझे सगळे शिकाऊ फार सफाईनं थांबायचे, आणि परवान्याच्या परीक्षेत धडाधड नापास व्हायचे. मला वाटायचं, पोरं मठ्ठ आहेत.

तुमची खरी बैठक त्या मागच्या खोलीत भरते. बिस्किटं घेऊन तिथंच जा.

या पत्रात खाली एक ओळ मी लिहून खोडली आहे. ती हिरव्या रंगाबद्दल होती. वाचायचा प्रयत्न करू नका. वॉर्डच्या सिस्टरला नीट बसवून विचारा, आणि ‘बघते’ म्हणाली तरी उठू नका.

तुमची,
विहीण


५ एप्रिल

विहीणबाई,

तुमचं पत्र बुधवारी आलं, आणि व्हायचं ते मंगळवारीच होऊन गेलं होतं. खोडलेली ओळ मी खिडकीच्या काचेवर धरून वाचली. ‘हिरवं म्हणजे उपाशी.’ आता सगळं सांगते, तुम्हाला आधीच माहीत असलं तरी.

मंगळवारी सकाळी मी वॉर्डात गेले तर खिडकीपाशी एक सलूनवाले गृहस्थ, पलंगाला हिरवं कार्ड, आणि नव्यानं लागलेली एक नर्स मुलगी त्यांना शर्ट घालत होती. मी खूश. दुपारच्या आत घरी जाणारा आमचा हा पहिला पेशंट. सिस्टर मागून म्हणाली, ‘मॅडम, यांचा कागद अजून...’ मी म्हटलं, ‘कागद मागून येईल, त्यानंच तर उशीर होतो.’ ती म्हणाली, ‘बघते.’ गृहस्थांना मी स्वतः चाकाच्या खुर्चीतून खाली नेलं. ते म्हणत होते, ‘बाई, गुडघा तसाच दुखतोय हो.’ मी म्हटलं, ‘घरी गेलं की बरं वाटतं.’

दाराशी अधीक्षकांना बोलावून ठेवलं होतं. त्यांनी हस्तांदोलन केलं, फोटो झाला. औषधालयाच्या खिडकीत सूनबाई होती. मी आवाज दिला, ‘यांची औषधं पटकन दे.’ तिनं नाव विचारलं, समोरच्या ऑपरेशनच्या यादीत बघितलं, आणि खिडकी तशीच उघडी टाकून धावत बाहेर आली. खुर्चीपुढे आडवी उभी राहून म्हणाली, ‘आई, थांबा. हे कुठेही जात नाहीत. यांचं आत्ता ऑपरेशन आहे.’

दवाखान्यात ती मला मॅडम म्हणते. आई म्हणाली ते सगळ्यांनी ऐकलं.

तेवढ्यात जिन्यावरून डॉक्टर उतरले. हिरवा झगा, टोपी, हात वर धरलेले. म्हणाले, ‘माझा गुडघा कुणी नेला?’

मग उलगडलं. हाडांच्या वॉर्डात हिरवं कार्ड म्हणजे ‘ऑपरेशन आहे, खायला देऊ नका.’ कित्येक वर्षांची पद्धत. माझ्या बाळंतिणींच्या वॉर्डात असलं काही नव्हतं, मला काय माहीत. जुनी माणसं हिरवं बघून पेशंटला उपाशी ठेवत होती, नवी मुलगी हिरवं बघून घरी पाठवत होती.

अधीक्षकांच्या देखत मी सूनबाईला विचारलं, ‘तुला हे कधीपासून माहीत होतं?’

‘पहिल्या बैठकीपासून.’

‘मग बोलली का नाहीस?’

‘बोलायला लागले होते. तुम्ही म्हणालात, थांब, आधी माझं पूर्ण होऊ दे.’ आणि मग अगदी हळू म्हणाली, ‘ते अजून पूर्ण झालेलं नाही.’

सलूनवाल्यांचं ऑपरेशन दुपारी झालं. बरे आहेत. फोटोची प्रत मागताहेत. अधीक्षकांना अहवाल हवा आहे आणि त्यात चूक कोणाची ते नाव हवं आहे. मी गट सोडायचं म्हणते. आणि तुम्ही, विहीणबाई, तुम्हीसुद्धा तोंडात गुळणी धरून बसलात.

विहीण


११ एप्रिल

विहीणबाई,

या खेपेला ‘तुमची’ लिहिलं नाहीत, ते बघितलं. बरोबर आहे.

चिमणीनं मला फेब्रुवारीतच सांगितलं होतं. हसत हसत सांगितलं, आम्ही दोघी हसलो. माझ्या डोक्यात फार तर एखाद्याचं जेवण चुकेल एवढंच आलं. माणूस शस्त्रक्रियेच्या टेबलावरून थेट रस्त्यावर जाईल असं वाटलं नाही. वाटायला हवं होतं. मी लिहिलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, सुनेनं चहाडी केली. म्हणून तिला जपायला मी गप्प बसले, ती तुमचा मान जपायला गप्प बसली, सिस्टर नोकरी जपायला. सगळे एकमेकांना जपत होते, फक्त त्या सलूनवाल्यांना कोणी जपत नव्हतं.

गट सोडू नका. तुम्ही गेलात तर टायवाला येईल आणि तो पिवळं कार्ड काढेल.

मंगळवारी रात्री चिमणीचा फोन आला. मला वाटलं, खूश असेल. रडत होती. म्हणाली, ‘चारचौघांत आईंना तसं बोलायला नको होतं.’ हे तुम्हाला सांगू नको म्हणालीय. बघा, गाठ सुटायला लागली माझी.

तुमची (मी लिहिणार),
विहीण


२६ मे

प्रिय विहीणबाई,

बिस्किटं घेऊन गेले. मागच्या खोलीत, खोक्यांमध्ये. काकांनी त्यांचं खोकं मला दिलं. मी म्हटलं, ‘आज मी सगळ्यांत शेवटी बोलणार,’ आणि तोंडात पेपरमिंटची गोळी घातली, म्हणजे जीभ कामात राहील.

कोणी बोलेना. गोळी अर्धी झाली तरी कोणी बोलेना. माझ्या घशाशी चांगल्या चार सूचना येऊन परत गेल्या. शेवटी काका म्हणाले, ‘मी बिल दुपारपर्यंत करू शकत नाही, कारण डॉक्टर घरी सोडायचा कागद ऑपरेशनं उरकून संध्याकाळी लिहितात.’ डॉक्टर म्हणाले, ‘मी संध्याकाळी लिहितो, कारण तुमचं बिल संध्याकाळशिवाय होत नाही असं मला रुजू झालो तेव्हा सांगितलं होतं.’ काका म्हणाले, ‘कोणी?’ डॉक्टर म्हणाले, ‘तुमच्या आधीच्या काकांनी.’ ते निवृत्त होऊन जमाना झाला. मग दोघे असे भांडले की बाहेर खिडकीवरचे लोक आत डोकावले. सूनबाई मला म्हणाली, ‘थांबवू नका.’ मी थांबवणार नव्हतेच, गोळी टाळूला चिकटली होती.

आता डॉक्टर आदल्या संध्याकाळच्या राउंडलाच कागद लिहितात. औषधं रात्रीच बांधून ठेवली जातात, सकाळी काका बिल करतात. कार्डाचा रंग सिस्टरनं ठरवला, निळा, आणि त्यावर ‘घरी’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलं. मी म्हटलं, लिहायचंच तर रंग कशाला? पण मनात म्हटलं. आता निम्म्याहून जास्त पेशंट दुपारच्या जेवणानंतर जातात. सगळे नाही जात. अहवालात चूक करणाऱ्यांची पाचही नावं गेली. ती सूचना डॉक्टरांची, आणि पहिलं नाव त्यांनी स्वतःचं घातलं. अधीक्षकांनी सल्लागाराचं नाव परत काढलेलं नाही.

इथवर वाचून तुम्ही खूश झाला असाल. पुढचं ऐका. मला हुरूप आला. म्हटलं, हेच घरी करू. रविवारी रात्री जेवताना गोळी तोंडात घातली आणि विचारलं, ‘घराबद्दल कोणाला काही म्हणायचंय?’

सूनबाईनं माझ्या लेकाकडे पाहिलं. त्यानं ताटाकडे पाहिलं. मग ती म्हणाली, ‘आई, आम्हाला वेगळं राहायचंय. दोन गल्ल्या सोडून एक जागा बघितलीय. तुमच्यावर राग म्हणून नाही. मला सकाळी उठून माझं माझं चुकायचं आहे.’

मी गोळी अख्खी गिळली. पाठीत थापटावं लागलं.

हेही तुम्हाला ठाऊक असणार. गट सुधारला आणि घर गेलं. आता मी काय म्हणायचं असतं, ते तरी सांगा.

तुमची,
विहीण


२ जून

विहीणबाई,

ठाऊक होतं. पण ते तिचं तिनंच सांगायचं होतं.

तुम्ही म्हणायचं, ‘जागा दाखव.’

दोन गल्ल्या म्हणजे चपला घालून पोचायचं अंतर. माझी लेक माझ्यापासून एका रात्रीच्या प्रवासावर आहे. ती गेली त्या आठवड्यात मी शिकवणीची गाडी घेऊन उगाच स्टेशनपर्यंत जाऊन यायची. शेजारी शिकाऊ बसलेला. त्याला वाटलं, स्टेशनचा रस्ता परीक्षेत येतो. हे मी चिमणीला कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगायचं असेल तर सांगा, माझी हरकत नाही.

सामान हलवायला मी यायला हवं होतं, पण दुसऱ्याच दिवशी सकाळी माझ्या सहा जणांची परीक्षा आहे.

तुमची,
विहीण


३० जून

प्रिय विहीणबाई,

जागा बघितली. चांगली आहे, उजेड आहे. स्टेशनचं मी तिला सांगितलं. त्या रात्री तुम्हाला फोन आला असेल.

रविवारी सामान हललं. अख्खा गट मदतीला आला. काकांनी प्रत्येक खोक्यावर आत काय आहे ते लिहिलं, सिस्टरनं भांडी वाहिली, डॉक्टर आणि माझा लेक कपाटाला लागले. सूनबाईनं आतल्या खोलीतली जागा दाखवली, दारामागची. मला दिसत होतं की तिथं कपाट ठेवलं तर दार उघडणार नाही. पण घर तिचं. मी ओठ मिटून उभी राहिले.

कपाट लोटलं. सगळे बाहेर आले, डॉक्टर मागे राहिले, वाऱ्यानं दार लागलं, आणि त्यांनी कपाट शेवटचं लोटून भिंतीला टेकवलं. मग दार आतून ओढलं तर जेमतेम हात जाईल एवढंच उघडे. फटीतून त्यांचा आवाज आला, ‘आता?’ बाहेरून कोणाला काही करता येईना. शेवटी त्यांनी एकट्यानं कपाट सरकवलं, दार उघडलं, आणि ते जसे वाकले होते तसेच राहिले.

सूनबाई माझ्याकडे वळली. ‘तुम्हाला आधी दिसलं होतं ना?’

‘दिसलं होतं. पण म्हटलं, तुझं घर.’

‘घर माझंच आहे, आई. पण दिसलं तर सांगत जा. मी ऐकेनच असं नाही.’

मला ते आवडलं.

डॉक्टरांना त्यांच्याच वॉर्डात ठेवावं लागलं. आज सकाळी कंबर सरळ झाली. निळं कार्ड लागलं, काकांनी बिल स्वतः वर आणून दिलं, सूनबाईनं औषधं आणली. डॉक्टर कपडे बदलून पलंगावर बसले, आणि बसूनच राहिले. अर्ध्या तासानं चिडले. ‘एवढी पाच माणसं राबली, एवढे अहवाल झाले, आणि मला इथून कोणी सोडेना. अडलंय कुठे?’ आम्ही सगळे एकमेकांकडे बघू लागलो. मलाही कळेना.

सिस्टर पुढे झाली. त्यांच्यासमोर ‘बघते’पलीकडे कधी न बोललेली बाई. म्हणाली, ‘डॉक्टर, घरी सोडायच्या कागदावर हाडांच्या डॉक्टरांची सही लागते. ते काल राउंडला आले नाहीत.’

डॉक्टरांनी पेन मागितलं, आणि काकांनी ते टोपण काढून दिलं.

तुमची,
विहीण